कामाचा छंद आणि माणसाची किंमत
(धम्म-अभ्यास वर्गासाठी पाठ)



“काम मन लावून करावे, म्हणजे माणूस सुखी होतो,” हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो, सत्काराच्या भाषणात असतो, कारखान्याच्या फाटकावरही असतो. उपदेश चांगला आहे. परंतु आपण बौद्धांनी तो ऐकताना क्षणभर थांबले पाहिजे. कारण शतकानुशतके हाच उपदेश आपल्या आजा-पणजांना केला गेला, आणि तो करणाऱ्यांना त्यांच्या सुखाची काळजी नव्हती. मेलेले ढोर ओढणे हे तुझे काम. रात्री-अपरात्री गावकीचा सांगावा घेऊन जाणे हे तुझे काम. ते तक्रार न करता, मन लावून कर, म्हणजे पुढचा जन्म बरा मिळेल, असे त्यांना सांगितले गेले. कामाची गोडी ही त्या काळी गुलामीच्या बेडीला चढविलेली कल्हई होती.

बाबासाहेबांनी आपल्याला ती बेडी तोडावयास शिकविले. मार्च १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आपण ज्या धर्माने ती कामे जन्माने लादली तो धर्मच सोडला. हे सर्व योग्य झाले. परंतु एक प्रश्न मागे राहिला. लादलेले काम टाकून दिल्यावर आपण निवडलेल्या कामाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? कामात गोडी असणे, त्यातून मनाला स्वास्थ्य मिळणे आणि आत्मविश्वास वाढणे, यांचा परस्परसंबंध काय? आणि ज्याला काम नाही, किंवा ज्याचे काम गोडी लावण्याजोगे नाही, त्याला धम्म काय सांगतो? या पाठात आपण याचा विचार करू.

१. ‘छंद’ हा मुळात धम्मातील शब्द

आपण मराठीत म्हणतो, “त्याला वाचनाचा छंद आहे.” पालीमध्येही ‘छंद’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ इच्छा, ओढ, करण्याची उत्सुकता असा आहे. पुष्कळ लोकांचा समज असा की, बौद्ध धम्म सर्व इच्छा मारावयास सांगतो. हा समज चुकीचा आहे. तथागतांनी दुःखाचे मूळ म्हणून जी सांगितली ती ‘तण्हा’, म्हणजे तृष्णा. ‘छंद’ हा शब्द मात्र ते दोन्ही बाजूंनी वापरतात. विषयभोगाच्या ओढीला ‘कामच्छंद’ म्हटले आहे आणि मनाच्या पाच अडथळ्यांत, म्हणजे पाच नीवरणांत, तो पहिला गणला आहे. येथे एक सूचना केली पाहिजे. पालीतील या शब्दातला ‘काम’ म्हणजे वासना. कामच्छंद म्हणजे कामाचा छंद असा अर्थ कोणी घेऊ नये!

उलट चांगले करण्याची जी ओढ, तिला ‘कुशल छंद’ म्हणतात. तिच्यावाचून धम्ममार्गावर एक पाऊलही पडत नाही. सम्यक व्यायामाचे वर्णन करताना तथागतांनी प्रथम छंद उत्पन्न करावा, मग प्रयत्न करावा, असाच क्रम सांगितला आहे. तृष्णा आणि छंद यांतील फरक सोपा करून सांगावयाचा तर असा : तृष्णेला वस्तू हवी असते, छंदाला कृती हवी असते. ज्याला सर्वांनी वाहवा करावी असे वाटते, त्याला तृष्णा आहे. ज्याला धानाची बांधी नीट लावली जावी असे वाटते, आणि कोणी पाहत नसतानाही जो पऱ्हे सरळ रोवतो, त्याला छंद आहे.

२. जातीने छंदाचे काय केले?

जातिव्यवस्थेचे समर्थन करणारे म्हणत की, ही केवळ श्रमाची विभागणी आहे. या म्हणण्याला बाबासाहेबांनी १९३६ साली जे उत्तर दिले ते प्रत्येक बौद्धाने पाठ करून ठेवावे असे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी त्यांनी भाषण तयार केले. मंडळाने अधिवेशनच रद्द केले, आणि बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. त्यात त्यांनी दाखविले की, जात ही श्रमाची विभागणी नाही, तर श्रमिकांची विभागणी आहे. आणि तीही एकावर एक रचलेली उतरंड आहे. माणसाचे काम त्याची आवड आणि कुवत पाहून ठरत नाही, ते आईबापांच्या दर्जावरून जन्मापूर्वीच ठरते. ज्या धंद्यांवर कलंक लावला आहे, त्या धंद्यांतील माणसाला सतत त्यातून सुटावेसे वाटते. ज्या कामात ना मन आहे ना बुद्धी, ते काम चांगले होणार कसे, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे कामातील गोडीचा प्रश्न बाबासाहेबांनी मानसशास्त्राच्या आधी समाजरचनेत नेऊन ठेवला. हा या पाठातील पहिला महत्त्वाचा मुद्दा आहे. माणसाला कामात गोडी का नाही, असे विचारण्यापूर्वी त्याला काम निवडता आले होते का, हे विचारावे लागते.

एकच उदाहरण पुरे आहे. आपल्या नागपूर-भंडारा भागात महार समाजातील पुष्कळ कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जाडेभरडे कापड विणीत असत. विणकाम हे त्यांच्या बोटांत होते. परंतु मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी जास्त, म्हणून तेच खाते बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी आणि पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत या अन्यायावर बोट ठेविले. हात कसबी, मन तयार, आणि दार बंद! अशा माणसाला “कामात रस घे” असे सांगणे ही थट्टा आहे.

आता याच्या उलट चित्र पाहा. उपाली हा कपिलवस्तूचा न्हावी. शाक्य राजपुत्रांबरोबर तो प्रव्रज्येसाठी गेला, तेव्हा राजपुत्रांनी आपला कुळाभिमान मोडावा म्हणून आपल्याआधी उपालीला दीक्षा देण्याची विनंती केली. संघात जन्माची अट नव्हती. उपालीला विनयाच्या नियमांची गोडी लागली. प्रत्येक नियम कोणत्या प्रसंगी झाला, त्याला अपवाद कोणता, हे त्याने असे आत्मसात केले की, तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान त्याला मिळाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात उपालीची, सुनीत झाडूवाल्याची आणि इतरांची कथा मुद्दाम एकत्र दिली आहे. दार उघडले की छंद कोठवर नेतो, हे त्यावरून दिसते.

३. चार इद्धिपाद : चिखल्याच्या खाणीत

कोणतेही कार्य सिद्धीस नेणारी चार पावले तथागतांनी सांगितली आहेत. त्यांना इद्धिपाद म्हणतात : छंद, वीर्य, चित्त आणि वीमंसा. भिक्खूंच्या साधनेसाठी ती सांगितली असली, तरी रोजच्या श्रमालाही ती लागू पडतात. हे आपण आपल्या गावच्या उदाहरणाने समजून घेऊ.

तुमसर तालुक्यातील आमचे चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या या पट्ट्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज निघते. पूर्वी या खाणी इंग्रजी कंपनीच्या होत्या. १९६२ साली सरकारच्या भागीदारीने मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी झाली, १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी मालकीची झाली, आणि २०१० पासून तिचे नाव मॉइल लिमिटेड असे आहे. गंधकामुळे पोलादाला जो ठिसूळपणा येतो तो मँगनीजमुळे जातो. रेल्वेच्या रुळात, पुलाच्या तुळईत आमच्या भागातील मजुराचा घाम मिसळलेला आहे, हे आमच्या मुलांना मी वर्गात आवर्जून सांगतो.

जमिनीखालच्या खाणीत पाळी सुरू होताना आणि सुरुंग उडविल्यानंतर छत तपासावे लागते. जुना, जाणता खाणकामगार सब्बल घेऊन छताला ठोकतो आणि कान देऊन ऐकतो. घट्ट दगड खणखणीत वाजतो. सुटलेला दगड भद्द वाजतो. भद्द वाजलेला दगड आधी पाडून घ्यावयाचा, मगच पुढे पाऊल टाकावयाचे. आता या एका कामात चारही इद्धिपाद कसे आहेत ते पाहा.

छंद : आपल्या हातून काम नीट व्हावे, सोबत्याच्या डोक्यावर दगड पडू नये, ही ओढ. ती नसेल तर माणूस दोन ठोके मारून “झाले” म्हणेल.

वीर्य : घामाघूम अंधारात, पाळी संपत आली असतानाही, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत तोच प्रयत्न टिकविणे.

चित्त : ठोकताना मन ठोक्यातच असणे. घरची विवंचना, मुकादमाचा राग डोक्यात घोळत असेल, तर कानाला आवाज ऐकू येऊनही कळत नाही.

वीमंसा : तपासून, पारखून शिकणे. येथे आवाज असा का आला? काल पाणी झिरपत होते म्हणून का? अनुभवातून असा प्रश्न विचारणारा माणूस दहा वर्षांनी जाणता होतो. न विचारणारा दहा वर्षांनीही नवखाच राहतो.

यातील चौथे पाऊल आपल्याकडे फार दुर्लक्षिले जाते. “मन लावून कर” असे सांगणारे पुष्कळ आहेत. “विचार करून कर, आणि चुकीचे वाटले तर सांग” असे म्हणणारे थोडे. धम्मात श्रद्धेलाही प्रज्ञेची जोड लागते, मग श्रमाला का नको? विचार करण्याची मुभा नसलेल्या कामात छंद फार दिवस जगत नाही.

हे केवळ खाणीपुरते नाही. खाणीच्या तोंडाशी हातोडीने गोटे फोडून, वजनावरून आणि रंगावरून चांगले खनिज निवडणाऱ्या बायांच्या हातात, रोवणी करणाऱ्या बायांच्या बोटांत, भंडाऱ्याच्या पितळी भांडी करणाऱ्या कारागिरांच्या ठोक्यात हीच चार पावले आहेत. आपल्या विहारात म्हटल्या जाणाऱ्या महामंगलसुत्तात बहुश्रुतपणाबरोबर ‘सिप्प’, म्हणजे हातचे कसब, आणि गोंधळाविना केलेले काम यांनाही मंगल म्हटले आहे. कसबाला मंगलाच्या यादीत बसविणारा हा धम्म श्रमाला हलके मानणाऱ्या धर्माहून किती वेगळा आहे!

४. आत्मविश्वास कोठून येतो?

चूळपंथकाची कथा आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. थोरला भाऊ महापंथक बुद्धिमान; धाकटा चूळपंथक मंद. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. तेव्हा भावाने त्याला संघातून जाण्यास सांगितले. तो रडत दाराशी उभा असता तथागतांनी त्याला पाठांतर दिले नाही. एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळीत बसण्यास सांगितले. हाताच्या स्पर्शाने कापड मळत गेले, आणि मळ कसा चढतो, सर्व कसे बदलते, हे त्याला स्वतःच्या हाताने कळले. जो गाथेने जागा झाला नाही तो कृतीने जागा झाला.

मी शिक्षक आहे, आणि ही कथा मला शिक्षणशास्त्राच्या अनेक पुस्तकांइतकी मोलाची वाटते. “तू हुशार आहेस” असे शंभर वेळा सांगून मुलाला विश्वास येत नाही. त्याच्या हातून एक गणित सुटले की येतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हेच शास्त्रीय पद्धतीने मांडले. “मी हे करू शकतो” हा विश्वास चार वाटांनी येतो, असे ते म्हणतात : स्वतः काम पार पाडल्याने, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहिल्याने, दुसऱ्याने धीर दिल्याने आणि शरीर-मन स्वस्थ असल्याने. यांतील सर्वांत बळकट वाट पहिली.

दुसरी वाटही आपल्याला नवी नाही. ज्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्या घरातील मूल भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून पदवीपर्यंत जाते, ते याच वाटेने. “आपल्यातल्या एकाने केले” ही जाणीव हजार उपदेशांच्या बरोबरीची आहे.

म्हणजे साखळी अशी : छंदातून अभ्यास, अभ्यासातून कसब, कसबातून आत्मविश्वास, आणि आत्मविश्वासातून पुन्हा छंद. मनाचे स्वास्थ्य ही या साखळीची सावली आहे; ती वेगळी शोधावी लागत नाही.

परंतु येथे एक धोका आहे, आणि या पाठाचा गाभाही येथेच आहे. आत्मविश्वास आणि स्वाभिमान या दोन गोष्टी एक नव्हेत. आत्मविश्वास कामातून मिळतो आणि काम बिघडले तर डळमळतो; त्यात गैर काही नाही. स्वाभिमान मात्र माणूस म्हणून असतो. तो कामावर टांगून ठेवला, तर मोठे काम करणारा मोठा आणि लहान काम करणारा लहान असे होईल, आणि जी जात आपण पुढच्या दाराने हाकलली ती मागच्या दाराने घरात येईल. साहेब झालेला आपलाच मनुष्य सफाई करणाऱ्या आपल्याच माणसाशी तुटकपणे बोलतो, तेव्हा हेच घडत असते.

बाबासाहेबांचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातीलच आहे. १९५२ साली मुंबईत लोकसभेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते उभे राहिले, आणि येथेही हरले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, आणि आमच्या जिल्ह्याने त्याला निवडून दिले नाही! शरीर आजारांनी खचले होते. एखाद्याचा स्वाभिमान निवडून येण्यावर टांगलेला असता तर तो तेथेच संपला असता. बाबासाहेबांनी काय केले? त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले, देहू रोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहीत राहिले, आणि १९५६ मध्ये नागपूरला इतिहास घडविला. ज्याचा छंद कार्यावर असतो, फळावर नसतो, त्याला पराभव थकवू शकतो, पण मोडू शकत नाही.

५. वीणेची तार

छंदालाही मर्यादा आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातील तरुण भिक्खू झाला. राजगृहाच्या सीतवनात त्याने चंक्रमणाचा असा ध्यास घेतला की, त्याचे पाय फुटून रक्त आले. तरी चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला विचारले, घरी असताना तू वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? सोणाला कळले. वीर्य फार ताणले की मन बेचैन होते, सैल सोडले की आळस येतो.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलेरँड आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली कामाच्या ओढीचे असेच दोन प्रकार सांगितले. एका ओढीत माणूस कामाला धरतो, आणि वेळ झाली की सोडू शकतो. तिच्या सोबतीला समाधान असते. दुसऱ्या ओढीत काम माणसाला धरते. मग घर, झोप, मैत्री सर्व त्यात जाते, आणि काम थांबले की जीव कासावीस होतो. दोन्ही माणसे बाहेरून सारखीच मेहनती दिसतात. पहिल्यात छंद आहे, दुसऱ्यात तृष्णेने छंदाचे कपडे घातले आहेत.

तार योग्य ताणावर ठेवणे हे एकट्या माणसाच्या हाती नसते, हेही लक्षात घ्यावे. बारा तास राबणाऱ्याला मध्यममार्ग शिकविण्यापूर्वी त्याचे तास कमी केले पाहिजेत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी हेच केले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांची स्थिती पाहिली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. विश्रांतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्रावाचून कष्टकऱ्याला विश्रांती नाही, हा विचार त्यांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. आठ तासांची पाळी संपवून जो कामगार संध्याकाळी विहारात येऊन पुस्तक उघडतो, त्याने हे विसरू नये.

आणि घरातल्या तारेचे काय? पुरुष पाळीवरून आला की त्याचे काम संपते. बाईची रोवणी संपली की चूल सुरू होते. ज्या घरात एकाचा छंद दुसरीच्या दुहेरी कष्टावर उभा आहे, त्या घरात समता पोहोचली आहे असे म्हणता येणार नाही.

६. कोणत्या कामाला छंद लावू नये?

गृहस्थाने पाच व्यापार करू नयेत असे तथागतांनी सांगितले : शस्त्रांचा, प्राण्यांचा व माणसांचा, मांसाचा, दारूचा आणि विषाचा. हे सम्यक आजीविकेचे अंग आहे. दारूच्या भट्टीवर कोणी कितीही मन लावून काम करो, त्याला कुशल छंद म्हणता येत नाही. कारण छंद कुशल आहे की नाही, हे करणाऱ्याच्या आनंदावरून ठरत नाही, परिणामावरून ठरते.

दुसरा प्रकार असा की, ज्यात काम करणाऱ्याचीच माणुसकी चिरडली जाते. हाताने मैला उचलणे, गटारात उतरणे ही कामे म्हणजे थोर सेवा होय, असा गौरव पुष्कळांनी केला. त्या गौरवावर बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात कठोर टीका केली. कारण अशा स्तुतीने माणूस त्या कामात अधिकच जखडला जातो. हाताने मैला साफ करविण्यास १९९३ च्या आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बंदी झाली, तरी गटारात गुदमरून माणसे मरत आहेत. अशा कामात गोडी शोधा, असे धम्म सांगत नाही. ते काम सोडावे, सोडविण्यास मदत करावी आणि ते यंत्राकडे सोपवावे, हाच तेथे धम्म आहे.

काम देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कुवत पाहून काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात सेवा करणे, घरातील गोडधोड वाटून घेणे आणि वेळेवर सुट्टी देणे. त्यानंतरच मजुराने काम चांगले करावे हे त्याचे कर्तव्य येते. क्रम नीट पाहावा. ठेकेदाराला मजुराकडून निष्ठा हवी असेल तर त्याने आधी आपली पाच कर्तव्ये मोजावीत.

७. ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी

आज आपल्या गावोगावी शिकलेली मुले-मुली वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी करीत आहेत. कोणी भेटले की “सध्या काय करतो?” हा प्रश्न येईल म्हणून काही जण लग्नकार्यालाही जात नाहीत. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. ते खरे नाही.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचे एक गिरणीचे गाव होते. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१-३२ मध्ये त्या गावाचा अभ्यास केला आणि १९३३ साली तो प्रसिद्ध केला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्याच्या आसपास घटली. रस्त्याने चालण्याचा वेगसुद्धा मंदावला. बेकारी पैशाबरोबर दिवसाचा आकारही हिरावून नेते, असे त्यांना दिसले. खाणीवर जगणाऱ्या गावाने हा अभ्यास विसरू नये.

म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या मनाची मरगळ हा तुमचा दोष नाही. परंतु तिच्यावरचा एक उपाय तुमच्या हातात आहे. परीक्षेचा अभ्यास चालू ठेवा, आणि त्याच्या जोडीला दिवसाचे दोन तास असे एक काम धरा, ज्याचे फळ आज दिसते. विहारात लहान मुलांचा वर्ग घ्या. विजेची जोडणी, शिवणकाम, पंप-दुरुस्ती असे एखादे सिप्प शिका. हाताने काम केल्याने पदवी मळत नाही. बापजाद्यांनी सोडली ती जन्माने लादलेली सक्ती होती. श्रम सोडा, असे बाबासाहेबांनी कधी सांगितले नाही. आणि रोजगारासाठी संघटितपणे मागणीही करा, कारण काम मिळणे हा केवळ नशिबाचा प्रश्न नव्हे.

८. दीघजाणूला दिलेला उपदेश

कोलिय जनपदातील दीघजाणू नावाच्या गृहस्थाने तथागतांना सरळ विचारले : आम्ही संसारी माणसे, बायका-मुलांत राहतो, आमचे याच आयुष्यात हित होईल असे काही सांगा. तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उट्ठानसंपदा : शेती, व्यापार, राजसेवा किंवा कसब, उपजीविकेचे जे काम असेल त्यात निपुण असणे, आळस न करणे आणि ते करण्याच्या पद्धतीचा विचार करणे. दुसरी आरक्खसंपदा : घाम गाळून, न्यायाने मिळविलेले सांभाळणे. तिसरी कल्याणमित्रता : शीलवान माणसांची संगत. चौथी समजीविता : तराजू धरणाऱ्यासारखे आय आणि व्यय पाहून जगणे.

पगाराच्या दिवशी खाणीच्या गावात दारूच्या दुकानाकडे वळणारी पावले पाहिली की, पहिली संपदा असून दुसरी आणि तिसरी नसेल तर काय होते, ते कळते. महिनाभराचे कसब एका रात्रीत वाहून जाते. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : मिळकत असण्याचे, तिचा उपभोग व दान करण्याचे, कर्ज नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. यांत शेवटचे सर्वांत मोठे. आजची भाषा ज्याला मनःस्वास्थ्य म्हणते, ते या चारांहून फार वेगळे नाही.

सार

जन्माने लादलेल्या कामाची गोडी ही गुलामी; निवडलेल्या, निर्दोष कामाचा छंद हा सम्यक व्यायाम. छंदातून कसब येते, कसबातून आत्मविश्वास. पण माणसाची किंमत या दोहोंच्याही आधी असते. ती कोणत्याही हजेरीपत्रकात लिहिलेली नसते आणि कोणाला खोडताही येत नाही. एवढे ध्यानात ठेवून आपण आपले काम, ते सब्बलीचे असो की लेखणीचे, चार पावलांनी करू या.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१) छंद आणि तृष्णा यांतील फरक आपल्या रोजच्या कामातील एक उदाहरण देऊन सांगा.
२) जात ही श्रमिकांची विभागणी आहे, या बाबासाहेबांच्या विचाराचा कामातील गोडीशी काय संबंध आहे?
३) आपल्या कामात ‘वीमंसा’ला वाव आहे का? नसेल तर तो कसा मिळवता येईल?
४) आत्मविश्वास आणि स्वाभिमान यांत फरक का करावा?
५) आपल्या घरात वीणेची तार कोणाच्या बाजूने जास्त ताणली गेली आहे? या पंधरवड्यात ती सैल करण्यासाठी आपण कोणते एक काम आपल्याकडे घ्याल?

जय भीम!

— एक शिक्षक, चिखला, ता. तुमसर, जि. भंडारा